शिरोली ते शिवोली

एका मासिकात गोव्याचा गायक रेमो फर्नांडिस याच्या गावाचं नाव इंग्रजीत छापून आलं होतं आणि आम्ही दोन वर्षं ते 'सिओलिम' असं वाचत होतो. शेवटी सावंतवाडीकडचा एक टर्नर आमच्या शेडमध्ये कामाला लागला, तो हसत सुटला. "अरे, ती शिवोली रे! आजोळाक जाताना फेरीत बसूचा लागता." चोपडे आणि शिवोलीच्या मधे तेव्हा पूल नव्हता. त्या दिवसापासून रेमो आम्हाला आमचाच वाटायला लागला. आम्ही कोल्हापूरजवळच्या, पंचगंगेच्या पुलापलीकडच्या शिरोलीचे, तो शापोरा नदीकाठच्या शिवोलीचा. मधे एक घाट आणि एक अक्षर.

मी १९८६ साली शिरोली एमआयडीसीत पॅटर्न शॉपमध्ये हेल्पर म्हणून लागलो. आमच्यातला एक डिप्लोमावाला गोव्याला जाऊन आला होता, त्यानं 'गोवन क्रेझी'ची कॅसेट आणली. ती १९८४ ची. टेपरेकॉर्डर फेटलिंगच्या शेडमध्ये होता, ग्राइंडर बंद झाला की गाणं ऐकू यायचं. इंग्रजी आम्हाला कितपत कळत होतं ते विचारू नका. बासरी मात्र कळली. इंग्रजी गाण्यात मधेच बासरी शिरते आणि चाल एकदम गावच्या जत्रेत जाऊन उभी राहते, हे ज्याच्या त्याच्या कानानं टिपलं. आयुष्यभर भजनं ऐकलेले आमचे मोल्डर मेस्त्री म्हणाले, "गाणं साहेबाचं हाय, पण वाजिवणारा आपल्याकडचा दिसतोय." रेमोच्या शैलीवर एवढं नेमकं वाक्य मी नंतर कुठल्या समीक्षकाकडून वाचलेलं नाही.

खरी गंमत पुढे कळली. हा माणूस मुंबईच्या जे. जे. मध्ये वास्तुकला शिकलेला. सत्तरच्या दशकाच्या शेवटी युरोप आणि उत्तर आफ्रिकेत मिळेल त्या वाहनानं फिरून, गाऊन परत आलेला. रेकॉर्ड कंपन्यांनी नकार दिल्यावर त्यानं घरीच चार ट्रॅकच्या छोट्या रेकॉर्डरवर अख्खी कॅसेट तयार केली. शब्द त्याचे, चाली त्याच्या, वाद्यंही सगळी त्यानंच वाजवलेली. मग त्या कॅसेटी पिवळ्या स्कूटरवर टाकून गोव्यातल्या दुकानादुकानांत स्वतः पोचवल्या. हे ऐकल्यावर मेस्त्रींनी हातातली थापी खाली ठेवली. "म्हंजे पॅटर्न ह्योच करणार, साचा ह्योच भरणार, वतणार ह्योच, आणि डिलिव्हरीलाबी ह्योच जाणार?"

शिरोलीत सुरुवातीला कित्येकांचं असंच होतं. एक लेथ, उसनवारीची जागा, बिल स्वतःच्या हातानं फाडायचं आणि माल एम-एटीवर बांधून उद्यमनगरात नेऊन द्यायचा. त्यामुळे आम्ही रेमोचे चाहते झालो ते संगीतामुळे का धंद्यामुळे, हे मला आजही ठामपणे सांगता येणार नाही.

चार ट्रॅकचं यंत्र कसं चालतं ते मला पुढे एका ऑर्केस्ट्रावाल्यानं समजावलं. टेपच्या चार पट्ट्या. एकीवर गिटार, दुसरीवर ताल, तिसरीवर बासरी भरायची. तिन्ही एकत्र करून चौथीवर उतरवायच्या, मग पहिल्या तीन मोकळ्या करून त्यांवर पुन्हा नवं भरायचं. मात्र दर उतरवणीला टेपची खरखर थोडी वाढते, आणि एकदा उतरवलं की आतलं गिटार वेगळं काढून दुरुस्त करता येत नाही. ओतकाम करणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. कोअर बसवून साचा बंद केला की आत बोट घालता येत नाही, जे व्हायचं ते धातू ओतल्यावरच दिसतं.

१९८५ ला 'ओल्ड गोवन गोल्ड' आली, त्यात गोव्याची जुनी गाणी होती. त्याच वर्षी श्याम बेनेगलांच्या 'त्रिकाल'मध्येही तो दिसला. १९८६ ला अमली पदार्थांविरुद्धची 'पॅक दॅट स्मॅक', १९८७ ला 'बॉम्बे सिटी'. त्या चार वर्षांतलं काम एका दमाचं आहे. विषय वर्तमानपत्रातले, विनोद चावरा, इंग्रजीला गोव्याचा हेल आणि ठेक्यात मांडोपासून रेगेपर्यंत सगळी मिसळण. स्क्रॅप आणि पिग आयर्न एकाच भट्टीत घालावं तसं, पण प्रमाण त्याला पक्कं ठाऊक.

मराठीत हे कोणी केलं नव्हतं असं नाही. १९७८ च्या 'तीन पैशाचा तमाशा'त नंदू भेंडे उभे राहिले तेव्हा पुलंच्या मराठीला रॉकचा गळा मिळाला होता. पण तो रंगमंच होता, त्यामागे थिएटर अकॅडमीसारखी संस्था होती. एकट्यानं शेड टाकून बसलेला माणूस आम्हाला रेमोच माहीत.

वाद सुरू झाले ते 'जलवा'पासून. १९८७ साली नसीरुद्दीन शाहच्या त्या सिनेमातलं शीर्षकगीत रस्त्यावर वाजू लागलं आणि आमच्यात दोन तट पडले. डिप्लोमावाला म्हणाला, गडी मोठा झाला. मेस्त्री गप्प. १९९२ मध्ये राजकारण्यांना रॉक अँड रोल येत नाही म्हणणारा अल्बम आला तेव्हा वाद थोडा मिटला. १९९५ ला 'बॉम्बे'तलं 'हम्मा हम्मा' आणि १९९८ ला 'प्यार तो होना ही था' आलं आणि पुन्हा भडका उडाला. आता गणपतीच्या मिरवणुकीत रेमो वाजत होता. ज्यांना शिवोली कुठे आहे ते माहीत नाही, ते त्याच्यावर नाचत होते. आम्हाला आनंद व्हायला हवा होता. खरं सांगायचं तर थोडा मत्सर वाटला.

माझं मत तेव्हा बनलं आणि अजून बदललेलं नाही. सिनेमातला रेमो म्हणजे जॉबवर्क. ड्रॉइंग गिऱ्हाइकाचं, टॉलरन्स गिऱ्हाइकाचा, आपण फक्त उत्तम माल काढून द्यायचा. त्यात कमीपणा काही नाही, शिरोली निम्मीअधिक त्यावरच जगते. मोठ्या गाडीकंपनीच्या ड्रॉइंगवर हाउसिंग ओतून देणाऱ्या इथल्या प्रत्येक मालकाच्या मनात मात्र एक इच्छा असते, की एखादं तरी प्रॉडक्ट स्वतःच्या नावाचं असावं. कोल्हापुरात एके काळी स्वतःच्या नावाची ऑइल इंजिनं बनत होती, ती आठवण इथल्या हवेत आहे. ज्यानं आधी स्वतःचं प्रॉडक्ट काढलं आणि नंतर जॉबवर्क घेतलं, असा माणूस आम्हाला रेमोत दिसत होता. डिप्लोमावाला यावर म्हणायचा, "लेका, तू गाणं ऐकतोस का कोटेशन वाचतोस?" तोही चुकत नव्हता.

मधली वर्षं विखुरली. १९९८ च्या 'ओ मेरी मुन्नी'नंतर आमचं ऐकणंही कमी झालं. २००७ ला त्याला पद्मश्री मिळाली, तेव्हा शेडमध्ये पेढे वाटले, पण कॅसेट लावायला टेप उरला नव्हता.

मग २०१९ चा ऑगस्ट. पंचगंगेचं पाणी महामार्गावर चढलं आणि शिरोलीजवळ पुणे-बंगळूर रस्ता जवळपास आठवडाभर बंद राहिला. ट्रकांच्या रांगा, भट्ट्या थंड, कामगार येऊ शकत नाहीत. आम्ही चौघं जुने शिरोलीच्या बाजूला अडकलो. इतक्या निवांत गप्पा वीस वर्षांत झाल्या नव्हत्या. फोनवर एकेक गाणं लावायचं आणि भांडायचं. मेस्त्री ऐंशीच्या घरात, कानाला यंत्र लावलेलं, तरी बासरी आली की बोट वर करायचे.

त्यानंतर दोन गोष्टी आल्या. २०२१ ला त्याचं आत्मचरित्र, आणि मदर तेरेसांवरची इंग्रजी संगीतिका, 'टेरेसा अँड द स्लम बम'. पोर्तुगालचा नागरिक झालेला हा म्हातारा कोणी मागितलेलं नसताना अख्खी संगीतिका रचत बसतो, यावर आमच्यात पुन्हा जुंपली. डिप्लोमावाल्याला ती लांबलेली वाटली. मलाही काही जागा जड वाटल्या. त्याचा जुना टारगटपणा मला तिथे शोधावा लागला. मेस्त्रींचं गणित सोपं होतं. "ड्रॉइंग कुणाचं हाय?" त्याचंच, म्हटलं. "मग झालं की."

'गोवन क्रेझी'ची ती कॅसेट मी पेनड्राइव्हवर उतरवून घेतली आहे. परवा दुसऱ्या पाळीला व्हीएमसीवरचा पोरगा ते ऐकत होता. मशीन थांबवून माझ्याकडं आला. "काका, मागं खरखर येतीया. फाईल खराब हाय व्हय? ॲपमधनं साफ करून देऊ?"

कोपऱ्यात खुर्ची टाकून मेस्त्री बसले होते. त्यांना ऐकू गेलं असेल असं मला वाटलं नव्हतं.

"त्याला हात लावू नगंस," ते म्हणाले. "त्ये मशीनिंगचं न्हाई."