पिंपल्स गेले, खुणा राहिल्या? आधी डाग की खड्डा ते ओळखा

पिंपल्स गेल्यावर उरलेल्या खुणेवरून बोट फिरवा. सपाट लागली तर डाग, खोलगट लागली तर खड्डा. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

डाग : बहुतेक तपकिरी डाग काही महिन्यांत फिके होतात, पण उन्हाने गडद होतात. तेलकट त्वचेसाठी किमान एसपीएफ ३० असलेलं जेल सनस्क्रीन रोज लावा.

खड्डे : क्रीमने भरत नाहीत. नवे पिंपल्स आटोक्यात आल्यावर त्वचारोगतज्ज्ञ मायक्रोनीडलिंग, सबसिजन किंवा लेझर सुचवतात.

झाकायचं कसं? तपकिरी डागावर पीच, लालसर डागावर हिरवट कन्सीलर पातळ थापा. खड्ड्यांवर चमकदार मेकअप नको, ते जास्त उठून दिसतात. ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ आणि बिनसुगंधी उत्पादनच घ्या. नाजूक त्वचा असेल तर आधी कानामागे लावून पाहा.

हे टाळाच : लिंबू, टूथपेस्ट आणि मेडिकलमधून स्वतःच आणलेलं स्टेरॉइड मलम. सुरुवातीला चेहरा उजळतो. नंतर त्वचा पातळ होते, लाली येते, पिंपल्स पुन्हा उसळतात. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी मलमं ‘शेड्यूल एच’मध्ये टाकली. म्हणजेच, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. महिनोन्महिने वापरत असाल तर अचानक बंद करू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.