हरणाच्या नळीने फेझंट? स्लग बॅरलमध्ये छर्रे टाकले तर काय होतं

ज्यांचा एपिसोड बसच्या गोंगाटात अर्धा राहिला, त्यांच्यासाठी हा लिखित भाग.

एका श्रोत्याने विचारलं होतं, "शॉटगन ती शॉटगन. मग हरणासाठीची नळी लावलेली असताना तिनेच पक्षी का मारता येऊ नये?" प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर नळीच्या आत दडलंय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. आजची सगळी चर्चा अमेरिकेतली, जिथे परवाना आणि ठरलेला हंगाम असतो.

हा प्रश्न येतो कुठून?

आयोवा, इलिनॉयसारखी राज्यं म्हणजे सपाट जमीन, मक्याची शेतं आणि अधूनमधून घरं. रायफलची गोळी फार लांब जाते, म्हणून तिथे हरणासाठी वर्षानुवर्षं शॉटगन आणि स्लगच वापरत आले. स्लग म्हणजे छर्रे नाहीत, तर एकच जाड गोळी. बारा बोअरमध्ये तिचं वजन साधारण 28 ग्रॅम. त्याच शेतांच्या बांधावर फेझंट नावाचा कोंबड्याएवढा पक्षीही असतो. घरात बंदूक एकच, तिच्यावर स्लगची नळी. मग वाटतं, काडतूस बदललं की झालं काम!

पीळ असलेली नळी

स्लगच्या नळ्या दोन प्रकारच्या. एक आतून गुळगुळीत. दुसरीत पीळदार खाचा असतात, त्याला रायफलिंग म्हणतात. या खाचांमुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरते आणि सरळ जाते. एकट्या गोळीसाठी हे उत्तमच.

पण त्याच नळीतून दोनशेच्या वर छर्रे गेले तर? ते प्लॅस्टिकच्या कपात बसून पुढे सरकतात आणि कपासकट फिरतात. आता गणित करू. खाचांचा एक वेढा 3 फुटांत पूर्ण होतो असं धरा आणि वेग सेकंदाला 1200 फूट. म्हणजे सेकंदाला 400 फेऱ्या! नळीबाहेर येताच कडेचे छर्रे गोफणीतल्या दगडासारखे बाजूला सुटतात. कागदावर हिशेब केला तर 20 यार्डांवर (यार्ड मीटरपेक्षा थोडा लहान) ते मध्यापासून जवळपास 4 फूट लांब गेलेले असतात. कप खाचांवरून थोडा घसरतो, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा कमी येईल. तरी चित्र तेच: कडेला छर्रे, मध्ये विरळ. मेदूवड्यासारखं! आणि पक्षी नेमका त्या भोकात.

मग बिघडलं काय, नेम चुकला एवढंच ना?

नाही. पूर्ण चुकला तर पक्षी उडून जातो, विषय संपला. खरी अडचण अर्धवट लागण्याची आहे. एक-दोन छर्रे पोटात किंवा पंखात घेऊन पक्षी गवतात उतरतो आणि तासन् तास तडफडून मरतो. शिकाऱ्याला तो सापडतही नाही. म्हणून तिथले जाणते शिकारी "लागेल कदाचित" अशा नळीने बार काढत नाहीत.

आणि उडत्या पक्ष्यावर थेट स्लग? अजिबात नाही. बारीक छर्रे हवेत लवकर मंदावतात, पण वर झाडलेला स्लग अर्ध्या किलोमीटरच्या पलीकडेही जाऊ शकतो. तिथे कोण उभं असेल, कुणाला ठाऊक?

गुळगुळीत नळी असेल तर?

मग काम होऊ शकतं, पण जवळून. अशा नळीत चोक, म्हणजे टोकाशी दिलेला आवळपणा, बहुधा नसतो किंवा नावापुरता असतो. ठोकताळा असा: 40 यार्डांवर 30 इंची वर्तुळात बिनचोक नळीचे सुमारे 40 टक्के छर्रे पडतात, फुल चोकचे 70 टक्के. त्यामुळे दाट झाडीत 20 यार्डांवर उठणाऱ्या ग्राउज पक्ष्याला ही नळी चालते. मोकळ्या रानात लांब गेलेल्या फेझंटवर मात्र बार काढायचा नाही.

अजून एक भानगड म्हणजे नेम धरायची खूण. स्लगच्या नळीवर रायफलसारखी मागे-पुढे खूण असते, स्थिर हरणासाठी. पक्ष्याच्या बाबतीत नजर पक्ष्यावर ठेवून बंदूक त्याच्यासोबत फिरवावी लागते. खुणा जुळवत बसलात तर पक्षी गेलाच.

सोपा उपाय

नळी बदला. रेमिंग्टन 870 किंवा मॉसबर्ग 500 सारख्या बंदुकांची नळी घरच्या घरी काढता येते. बंदूक रिकामी असल्याची खात्री करायची, पुढचं झाकण फिरवायचं, नळी बाहेर. पक्ष्यांसाठी 26 किंवा 28 इंची गुळगुळीत नळी लावली की तीच बंदूक वेगळी वागते.

तरीही रानात जाण्याआधी मोठ्या कागदावर एक बार काढून छर्रे कुठे पडले ते मोजायचं. कागदात मोठी भोकं मोकळी राहिली, तर त्या अंतरावरून पक्ष्यावर बार काढायचा नाही.

तर मित्रा, शॉटगन तीच असते, पण नळी बदलली की काम बदलतं. तुमचे प्रश्न पाठवत राहा. भेटू पुढच्या भागात!