संशोधनाची पाच वर्षे आणि घराचा हिशेब

दिवाळीचे दिवस हे व्यापारी घरांत वर्षातील सर्वांत धावपळीचे. माल भरायचा, उधारी गोळा करायची, गिऱ्हाइकांची रीघ सांभाळायची आणि शेवटी नव्या वह्यांचे पूजन करायचे. महाविद्यालयांना सुट्टी असल्याने घरातील तरुण मुले-मुलीही या दिवसांत गल्ल्याजवळ दिसतात. योगायोग असा की, विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी अनेक महत्त्वाचे अर्ज भरण्याचा काळही साधारणतः हाच असतो. देशातील तीन विज्ञान अकादमींच्या संयुक्त उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीची मुदत याच सुमारास संपते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेची पदवीधर प्रवेश परीक्षा डिसेंबरमध्ये होते आणि तिचे अर्ज त्याआधीच भरावे लागतात. कित्येक गुणी विद्यार्थ्यांची संधी जाते ती बुद्धी कमी पडल्याने नव्हे, तर तारीख हुकल्याने. हुंडीची मुदत कधीही न चुकवणाऱ्या घरांत ही मुदत मात्र चुकते, कारण ती घरात कोणाला ठाऊकच नसते.

समाजातील मुले-मुली वाणिज्य शाखेत, सनदी लेखापालाच्या परीक्षेत आणि व्यवस्थापनात चमकतात, हे सर्वश्रुत आहे. त्या वाटेचे टप्पे, खर्च आणि उत्पन्न घरातील वडीलधाऱ्यांना माहीत असतात. परंतु एखादी मुलगी रसायनशास्त्रात एम.एस्सी. होऊन ‘मला पीएच.डी. करायची आहे’ असे म्हणाली, की घरात शांतता पसरते. आणखी पाच वर्षे शिकायचे, तर खर्च कोण करणार, लग्नाचे काय, शेवटी हाती काय येणार, असे प्रश्न एकापाठोपाठ येतात. हे प्रश्न गैर नाहीत. मात्र त्यांची उत्तरे समजुतीवर नव्हे, तर आकड्यांवर द्यायला हवीत.

आकडे काय सांगतात

विज्ञानातील पीएच.डी. हा घराने सोसायचा खर्च आहे, ही समजूत जुनी झाली आहे. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद, म्हणजे सीएसआयआर, आणि विद्यापीठ अनुदान आयोग यांची संयुक्त ‘नेट’ परीक्षा रसायन, भौतिक, जीव, गणित आणि भूविज्ञान या पाच विषयगटांत होते. तीत कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, म्हणजेच ‘जेआरएफ’ मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात. दोन वर्षांनंतर प्रगती समाधानकारक ठरल्यास तो ज्येष्ठ अधिछात्र होतो आणि ही रक्कम दरमहा ४२,००० रुपये होते. पहिल्या दोन वर्षांचे ८ लाख ८८ हजार आणि पुढील तीन वर्षांचे १५ लाख १२ हजार, असे पाच वर्षांचे २४ लाख रुपये होतात. नियमानुसार मिळणारा घरभाडे भत्ता आणि सीएसआयआरच्या अधिछात्रांना संशोधनाच्या किरकोळ खर्चासाठी मिळणारे वार्षिक २०,००० रुपये यांत धरलेले नाहीत. हे कर्ज नाही. ते फेडायचे नसते. शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी दिलेल्या शिष्यवृत्तीला १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम १०(१६) ने करमुक्तीही दिली होती.

पंतप्रधान संशोधन अधिछात्रवृत्ती २०१८ मध्ये जाहीर झाली. तिचे दर याहून मोठे ठेवले गेले : पहिली दोन वर्षे दरमहा ७०,००० रुपये, तिसऱ्या वर्षी ७५,००० आणि चौथ्या-पाचव्या वर्षी ८०,०००. पाच वर्षांचे हे ४५ लाख होतात. शिवाय संशोधनासाठी दरवर्षी २ लाखांचे अनुदान. ती आयआयटी, आयसर, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था अशा निवडक संस्थांतच मिळते आणि स्पर्धा अत्यंत तीव्र असते.

तिसरी वाट ‘इन्स्पायर’ योजनेची. केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २००८ मध्ये सुरू केलेल्या या योजनेत बारावीच्या मंडळ परीक्षेत वरच्या एक टक्क्यात येऊन मूलभूत विज्ञानाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी वार्षिक ८०,००० रुपयांची शिष्यवृत्ती आहे. त्यातील ६०,००० रुपये विद्यार्थ्याच्या हाती येतात आणि २०,००० रुपये उन्हाळी प्रकल्पासाठी असतात. पदव्युत्तर परीक्षेत विद्यापीठात आपल्या विषयात प्रथम येणाऱ्यांना याच योजनेतून पीएच.डी.साठी अधिछात्रवृत्तीचा मार्ग खुला असतो. विद्यापीठात पहिल्या आलेल्या मुलीचा सत्कार समाजात आवर्जून होतो. त्या शाल-श्रीफळाबरोबर या योजनेची माहिती दिली गेली, तर सत्काराचे चीज होईल.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘नेट उत्तीर्ण’ आणि ‘जेआरएफ प्राप्त’ या दोन भिन्न गोष्टी आहेत. आता नेटच्या निकालात तीन श्रेणी असतात : अधिछात्रवृत्तीसह पात्रता, सहायक प्राध्यापकपद व पीएच.डी. प्रवेशासाठी पात्रता, आणि केवळ पीएच.डी. प्रवेशासाठी पात्रता. नेटमधून दरमहाची अधिछात्रवृत्ती फक्त पहिल्या श्रेणीला मिळते. निकाल हाती आल्यावर पेढे वाटण्यापूर्वी श्रेणी पाहावी.

पुण्याचा परिसर

महाराष्ट्रातील विज्ञानाच्या विद्यार्थ्याला पुण्याइतकी संपन्न भूमी क्वचितच मिळेल. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारातच ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची आंतरविद्यापीठीय संस्था आहे. ती १९८८ मध्ये उभी राहिली आणि डॉ. जयंत नारळीकर तिचे संस्थापक संचालक होते. टाटा संस्थेचे रेडिओ खगोलभौतिकी केंद्रही याच आवारात आहे. जवळच १९५० पासून कार्यरत असलेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, २००६ मध्ये सुरू झालेली आयसर, १९४६ मध्ये स्थापन झालेली आघारकर संशोधन संस्था आणि राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. सांगली, बारामती वा सोलापूरहून पुण्यात एम.एस्सी.साठी आलेल्या विद्यार्थ्याला या साऱ्या संस्था एकाच शहरात लाभतात. पण केवळ वर्ग आणि वसतिगृह एवढाच रस्ता त्याने धरला, तर त्यांची दारे त्याला दिसतही नाहीत.

२८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन. १९२८ मध्ये याच दिवशी रामन परिणामाचा शोध जाहीर झाला आणि १९८७ पासून हा दिवस देशभर साजरा होतो. या सुमारास अनेक संस्था सर्वसामान्यांसाठी खुल्या असतात. नारायणगावजवळील खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे आणि तेथेही विज्ञान प्रदर्शन भरते. कुटुंबासह सहलीला जाण्याजोगे हे ठिकाण आहे. मुलांच्या मनात विज्ञानाचे बीज पडते ते अशा भेटींत. आणि आई-वडिलांना ‘संशोधन म्हणजे नेमके काय’ हे डोळ्यांनी पाहता येते.

‘आविष्कार’ ही आंतरविद्यापीठीय संशोधन स्पर्धा राज्यपाल कार्यालयाच्या पुढाकाराने २००६ पासून होत आली आहे. महाविद्यालय, विद्यापीठ आणि राज्य अशा पायऱ्यांनी विद्यार्थी आपले संशोधन परीक्षकांपुढे मांडतात. येथे बक्षिसापेक्षा मोठा लाभ सवयीचा आहे. आपले काम चार अनोळखी जाणकारांना थोडक्यात पटवून देणे ही पुढे प्रत्येक मुलाखतीत लागणारी कला आहे आणि व्यापारी घरातील मुलांना तिचे बाळकडू दुकानातच मिळालेले असते.

उन्हाळ्याच्या सुट्टीचे मोल याहून अधिक. तीन अकादमींच्या शिष्यवृत्तीतून विद्यार्थी दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाकडे प्रत्यक्ष काम करतो. आयुकाचा आणि टाटा संस्थेचा उन्हाळी विद्यार्थी कार्यक्रमही असाच. आयुकात उत्तम काम करणाऱ्यांना पुढे पीएच.डी.साठी थेट निवडीची शक्यता असते. उन्हाळ्यात लग्नसराई असते, हे खरे, परंतु एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षानंतरचा उन्हाळा एकदाच येतो.

वर्षाची टिपणवही

तारखा दरवर्षी थोड्या पुढे-मागे होतात. म्हणून मूळ अधिकृत सूचना पाहणे अनिवार्य आहे. तरीही ढोबळ क्रम ध्यानात ठेवता येतो. श्रावण-भाद्रपदात, पर्युषणाच्या सुमारास, ‘गेट’ परीक्षेचे अर्ज सुरू होतात. ती परीक्षा फेब्रुवारीत असते. दिवाळीच्या आगेमागे टाटा संस्थेचा प्रवेश अर्ज आणि अकादमींची उन्हाळी शिष्यवृत्ती. हिवाळ्यात आविष्कार. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी ‘जेस्ट’ ही संयुक्त चाळणी परीक्षा वर्षातून एकदा. सीएसआयआर-नेट साधारणतः वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबर या सत्रांसाठी.

अर्जासोबत लागणारी कागदपत्रे आधीच एका फाइलमध्ये असावीत : सर्व गुणपत्रके, जन्मतारखेचा पुरावा, आधारशी जोडलेले बँक खाते आणि प्राध्यापकांची शिफारसपत्रे. शिफारसपत्र आदल्या रात्री मागितले, तर ते कोरडे येते. महिनाभर आधी मागितले, तर त्यात जीव असतो.

परदेशाचा विचार

परदेशी शिक्षणाचा विषय निघाला की घर किंवा दुकान गहाण ठेवण्याची चर्चा सुरू होते. येथेही भेद समजून घ्यावा. अमेरिकेतील बहुतेक संशोधन विद्यापीठांत विज्ञानाच्या पीएच.डी. विद्यार्थ्याला अध्यापन वा संशोधन साहाय्यकाचे काम देऊन शुल्कमाफी आणि निर्वाहभत्ता दिला जातो. तेथील एम.एस. मात्र बहुतांशी स्वखर्चाने करावे लागते. म्हणून खऱ्या संशोधनाची ओढ असलेल्या विद्यार्थ्याने थेट पीएच.डी.चा अर्ज करणे अनेकदा घराच्या हिताचे ठरते. १८९२ मध्ये सुरू झालेला जे. एन. टाटा एंडोमेंट परदेशी उच्च शिक्षणासाठी कर्ज-शिष्यवृत्ती देतो. नारळीकरही केंब्रिजला गेले ते टाटा शिष्यवृत्ती घेऊनच.

बंद झालेले दार आणि समाजाचे कर्तव्य

जानेवारी २०१४ मध्ये जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. त्यानंतर अल्पसंख्याक संशोधकांसाठीची मौलाना आझाद अधिछात्रवृत्ती जैन विद्यार्थ्यांनाही खुली झाली. परंतु केंद्र सरकारने ती २०२२-२३ पासून बंद केली. परदेशी शिक्षणाच्या कर्जावर व्याजसवलत देणारी ‘पढो परदेश’ योजनाही थांबली. जुन्या माहितीवर विसंबून या योजनांची वाट पाहणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. आता वाट आहे ती खुल्या स्पर्धेची, आणि समाजाच्या स्वतःच्या निधीची.

समाजाला ही परंपरा नवी नाही. १८९९ मध्ये दक्षिण भारत जैन सभा स्थापन झाली आणि कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमधून पिढ्या घडल्या. याच बोर्डिंगमध्ये राहिलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था उभारली. त्यांची ‘कमवा आणि शिका’ ही कल्पना पुणे विद्यापीठात आजही त्यांच्याच नावाच्या योजनेतून गरजू विद्यार्थ्यांना आधार देते. मुंबईचे श्री महावीर जैन विद्यालय १९१५ पासून उच्च शिक्षणाच्या विद्यार्थ्यांना निवारा देत आहे. अहमदाबादच्या गिरणीमालक साराभाई कुटुंबातील डॉ. विक्रम साराभाईंनी नोव्हेंबर १९४७ मध्ये भौतिकी संशोधन प्रयोगशाळा सुरू केली, तेव्हा आरंभीचा पैसा कुटुंबाच्या शैक्षणिक न्यासातूनही आला होता. उदयपूरचे डॉ. दौलतसिंह कोठारी केंब्रिजमध्ये रदरफोर्ड यांच्याकडे संशोधन करून आले आणि पुढे १९६१ ते १९७३ अशी बारा वर्षे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष राहिले. व्यापार, धर्म आणि विज्ञान यांत विरोध नाही, हे या उदाहरणांनी केव्हाच सिद्ध केले आहे.

आज गरज मोठ्या इमारतींची नाही. अधिछात्रवृत्ती मंजूर होऊनही तिचा पहिला हप्ता हाती यायला अनेकदा काही महिने लागतात. त्या काळात खोलीचे भाडे आणि खानावळ थांबत नाही. साधारण घरातील विद्यार्थी याच टप्प्यावर डगमगतो आणि मिळेल ती नोकरी धरतो. येथे समाजाच्या न्यासाने फिरता निधी ठेवावा. दहा विद्यार्थ्यांना तीन महिन्यांची ३७,००० रुपयांप्रमाणे बिनव्याजी उचल द्यायची, तर ११ लाख १० हजार रुपये पुरतात. थकबाकी जमा होताच विद्यार्थी ती परत करील आणि तीच रक्कम पुढच्या वर्षी नव्या दहा जणांच्या कामी येईल. दिलेले दान संपत नाही, फिरत राहते; व्यापाऱ्याला याहून चोख व्यवहार कोणता?

कन्या आणि सून

शेवटचा प्रश्न मुलींचा. एम.एस्सी. पूर्ण होते तेव्हा मुलगी बावीस-तेवीस वर्षांची असते आणि घरात स्थळांची चर्चा सुरू झालेली असते. पीएच.डी. आणि विवाह यांपैकी एकच निवडावे, असा नियम कोठेही नाही. एकुलत्या एक कन्येसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची सावित्रीबाई जोतिराव फुले अधिछात्रवृत्ती आहे. विवाह वा अपत्यसंगोपनामुळे शिक्षण थांबलेल्या स्त्रियांना विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या ‘वाइज-पीएच.डी.’ योजनेचा आधार घेता येतो. तिची वयोमर्यादा २७ ते ४५ आहे. म्हणजे घरात आलेली सून एम.एस्सी. असेल, तर तिच्यासाठीही दार उघडे आहे. स्थळ पाहताना मुलीचे शिक्षण विचारले जातेच. त्याच बैठकीत तिला पुढे काय शिकायचे आहे, हेही विचारले जावे आणि उत्तर दोन्ही घरांनी लक्षात ठेवावे.

आहार, औषध, अभय आणि ज्ञान ही चार दाने श्रावकाला सांगितली आहेत. श्रुतपंचमीला आणि ज्ञानपंचमीला ग्रंथांची पूजा भक्तिभावाने होते. त्या दिवशी प्रत्येक मंदिराच्या फलकावर येत्या वर्षातील परीक्षा आणि शिष्यवृत्त्यांच्या तारखांचा एक कागद लावला जावा. त्याला खर्च काही रुपयांचा आहे. पण तो कागद वेळेवर वाचून एखादी मुलगी प्रयोगशाळेपर्यंत पोहोचली, तर ते ज्ञानदानच होय.