चढणीच्या माशांसाठी तीन धरणांचा सौदा

मृगाच्या पावसात ओढ्यावर चढणीचे मासे धरलेल्या कोकणी माणसाला पेनॉब्स्कॉट नदीचं दुखणं चटकन कळेल. अमेरिकेच्या मेन राज्यातली ही नदी. समुद्रात वाढलेले सामन, शॅड, एलवाइफ अंडी घालायला तिच्यात चढतात. ईल मासा उलटा, जन्म समुद्रातला आणि वाढ नदीतली. गिरण्यांसाठी आणि पुढे विजेसाठी धरणं झाली नि ही वाट बंद झाली. हंगामातला पहिला सामन राष्ट्राध्यक्षांना भेट देण्याची १९१२ पासूनची प्रथाही १९९२ नंतर बंद पडली. खरी झळ बसली ती पेनॉब्स्कॉट आदिवासींना. त्यांची वस्ती नदीतल्या बेटावर, मासेमारीचा हक्क पिढीजात. पण नदीत मासाच नाही!

एकेका धरणाच्या परवान्यावरून वर्षानुवर्षं भांडणं चालली. मग आदिवासी, पर्यावरण संस्था, सरकारी खाती आणि वीज कंपनी यांनी सगळ्या नदीचा एकत्र विचार केला. २००४ च्या करारानुसार तीन धरणं विकत घेऊन माशांना वाट द्यायची आणि कंपनीने उरलेल्या धरणांवर वीजनिर्मिती वाढवून तूट भरायची असं ठरलं. खरेदीला सुमारे अडीच कोटी डॉलर लागले. ग्रेट वर्क्स धरण २०१२ मध्ये, तर समुद्राला सर्वांत जवळचं व्हीझी २०१३ मध्ये पाडायला घेतलं. हाउलंडला मात्र भिंत तशीच ठेवली आणि तिला वळसा घालणारा, दगडगोट्यांचा, सौम्य उताराचा प्रवाह खोदला. मला या योजनेतला हाच भाग सर्वांत शहाणपणाचा वाटतो. गावासमोरचं पाणी गेलं नाही आणि माशांचीही सोय झाली.

पाडलेल्या दोन धरणांच्या वर मिलफर्डचं धरण उभंच आहे. तिथे माशांची लिफ्ट आहे: सोडलेल्या पाण्याच्या ओढीने मासे एका हौदात शिरतात आणि पाण्यासकट वर उचलले जातात. एलवाइफ तळ्यांत अंडी घालतो, म्हणून उपनद्यांवरच्या लहान बांधांवरही माशांसाठी पायऱ्या कराव्या लागल्या. या कामांआधी हेरिंगच्या कुळातले हे मासे जेमतेम काही हजार दिसत. काही वर्षांतच त्यांची मोजणी वीस लाखांवर गेली. गरुड, ऑस्प्रे, समुद्रातला कॉड, सगळ्यांचंच हे खाद्य.

सामनचं तसं झालेलं नाही. त्याला आणखी वर, थंड झऱ्यांपर्यंत जायचं असतं, आणि समुद्राकडे निघालेल्या पिल्लांना टर्बाइन चुकवावी लागतात. शिवाय समुद्रातही फार थोडी जगतात. आज नदीत येणारे बहुतेक सामन हॅचरीत वाढवून सोडलेलेच असतात.