बावीस सामन्यांची कसोटी

फुटबॉलचा खेळ या देशात शतकाहून अधिक काळ रुजलेला असला, तरी त्याविषयीची आपली समजूत दीर्घकाळपर्यंत चषकांच्या आणि शील्डांच्या अनुषंगानेच घडत आली. शिमल्यास १८८८ साली सुरू झालेला ड्युरँड चषक, मुंबईचा १८९१ सालचा रोव्हर्स चषक आणि कलकत्त्याची १८९३ सालची आय.एफ.ए. शील्ड या तीन स्पर्धांनी आपल्याकडील फुटबॉलला नाव, लौकिक आणि आख्यायिका दिल्या. १९११ साली मोहन बागानने अनवाणी पायांनी गोऱ्या पलटणीच्या संघास नमवून शील्ड जिंकली, तो दिवस तर राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासातही नोंदला गेला. परंतु या सर्व स्पर्धा बाद पद्धतीच्या होत्या. एका दुपारी जो हरला तो घरी गेला आणि जो जिंकला तो टिकला. त्यामुळे आपल्या प्रेक्षकांनी जी स्मृती जतन केली ती त्या दुपारच्या पराक्रमाची होती, आणि क्लब नावाची संस्था वर्षभर कशी जगते, पराभवानंतर पुन्हा सरावाला कशी उभी राहते, याचा हिशेब मागण्याची सवय आपल्याला लागली नाही.

तो हिशेब मागणारी पद्धत म्हणजे लीग. कलकत्त्यास १८९८ पासून आणि मुंबईस विसाव्या शतकाच्या आरंभापासून स्थानिक लीग खेळल्या जात होत्या खऱ्या, पण त्यांचा अंमल शहराच्या वेशीपुरता होता. अखिल भारतीय स्वरूपाची राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू होण्यास १९९६ साल उजाडावे लागले. १९९६-९७ च्या त्या पहिल्या हंगामात पंजाबातील फगवाड्याच्या कापडगिरणीचा जे.सी.टी. हा संघ सुखविंदर सिंग यांच्या मार्गदर्शनाखाली विजेता ठरला; त्या संघात केरळचे आय. एम. विजयन आणि सिक्कीमचे बायचुंग भुतिया एकत्र खेळत होते, आणि भुतियांनी चौदा गोल करून हंगामाचे अग्रस्थान मिळविले. एका गिरणीच्या झेंड्याखाली देशाच्या दोन टोकांचे खेळाडू एकत्र यावेत, ही घटनाच त्या नव्या व्यवस्थेचे प्रयोजन पुरेसे स्पष्ट करणारी होती.

लीगची रचना वरकरणी साधी आहे. प्रत्येक संघाने प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी एकदा घरच्या आणि एकदा बाहेरच्या मैदानावर गाठ घ्यावयाची; विजयाला तीन गुण, बरोबरीला एक, पराभवाला शून्य; आणि सर्व सामने आटोपल्यावर ज्याच्या पदरी अधिक गुण तो विजेता. व्यापाऱ्याच्या खतावणीत जशी दिवसाची मोठी विक्री एका ओळीत येते आणि किरकोळ उधारीही एका ओळीत येते, आणि वर्षअखेरीची शिल्लक या दोहोंनी मिळून ठरते, तसेच लीगच्या गुणतक्त्यात बलाढ्य प्रतिस्पर्ध्यावरील दिमाखदार विजयाला तीनच गुण मिळतात आणि तळाच्या संघाविरुद्ध भर उन्हात कसाबसा मिळविलेल्या विजयालाही तीनच. या समतेतच लीगचे कठोर नीतिशास्त्र आहे. उत्साहाच्या भरात जे साधते त्याची किंमत येथे मर्यादित राहते. जे सातत्याने, दुखापती, प्रवास, अपयश आणि कंटाळा सोसून साधले जाते, त्याचेच अखेरीस मोल होते. २००४-०५ चा हंगाम, म्हणजे या लीगचा नववा हंगाम, मला म्हणूनच विशेष चिंतनीय वाटतो. कारण त्या वर्षी गोव्याच्या धेंपो स्पोर्ट्स क्लबने जे विजेतेपद मिळविले, त्यात लीग या व्यवस्थेचा अर्थ जितका उघड झाला तितका तो क्वचितच होतो.

त्या विजेतेपदाची पार्श्वभूमी समजण्यासाठी गोव्याच्या फुटबॉलची घडण ध्यानात घेतली पाहिजे. लायन्स नावाच्या एका परदेशी धर्मगुरूंनी १८८३ साली बारदेश तालुक्यातील शिवोली गावी हा खेळ आणला, असे गोव्याच्या क्रीडा-इतिहासात नमूद आहे. चर्चच्या शाळांतून तो गावोगाव पसरला. भाताची कापणी झाली की मोकळ्या शेतांतून गोलाचे खांब उभे राहू लागले. वाड्यावाड्यांच्या, गावागावांच्या चुरशी रंगू लागल्या. मुंबईत आणि कलकत्त्यात फुटबॉल ही प्रामुख्याने नगरसंस्कृतीची निर्मिती होती; गोव्यात तो ग्रामजीवनाचा भाग झाला, आणि सासष्टीतील ख्रिस्ती कुटुंबांइतकाच तो डिचोलीकडील हिंदू घरांतूनही आपला मानला गेला. ब्रह्मानंद शंखवाळकर यांच्यासारखा गोलरक्षक याच भूमीने दिला आणि त्यांनी भारतीय संघाचे नेतृत्वही केले.

या ग्रामीण आवडीला संस्थेचे रूप मिळाले ते मात्र खनिज उद्योगाच्या आश्रयामुळे. लोहखनिजाच्या व्यापारातून ज्या घराण्यांचा उत्कर्ष झाला, त्यांनी क्लब चालविणे हे आपल्या सामाजिक प्रतिष्ठेचे अंग मानले. साळगावकर, धेंपो, सेझा ही नावे खाणींच्या दप्तरात होती तशीच ती फुटबॉलच्या गुणतक्त्यातही होती. 'नवप्रभा' हे मराठी दैनिक चालविणाऱ्या धेंपो घराण्यानेच हा क्लब सांभाळला, आणि खेळाडूंना वेतन, निवास व भविष्याची काहीएक शाश्वती दिली. वार्का गावच्या आलेमांव कुटुंबाचा चर्चिल ब्रदर्स हा खाणीबाहेरचा, पण तितकाच जिद्दी प्रतिस्पर्धी. १९८९ साली मडगावनजीक फातोर्ड्याला पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियम उभे राहिले, आणि या सर्व चुरशींना एक भव्य रंगभूमी लाभली.

तरीही राष्ट्रीय लीगच्या पहिल्या आठ हंगामांत गोव्याच्या वाट्याला एकच विजेतेपद आले होते: १९९८-९९ साली शब्बीर अली यांच्या मार्गदर्शनाखाली साळगावकरने मिळविलेले. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या कलकत्त्याच्या दोन महासंस्थांनी तीन-तीन वेळा किताब नेला होता. २००१-०२ साली तर फातोर्ड्यावर, आपल्याच प्रेक्षकांसमोर, अखेरच्या सामन्यात चर्चिल ब्रदर्सला बरोबरीही पुरेशी असताना मोहन बागानच्या अब्दुल सालिऊने केलेल्या एकमेव गोलाने ते विजेतेपद हिरावले गेले. २००३-०४ साली धेंपोने ईस्ट बंगालच्या पाठोपाठ दुसरे स्थान मिळविले. गोव्याचे कौशल्य सर्वमान्य होते. प्रश्न उरला होता तो त्या कौशल्याला वर्षभराच्या शिस्तीची जोड देण्याचा, आणि तो सोडविण्याची जबाबदारी धेंपोचे प्रशिक्षक आर्मांदो कुलासो यांच्यावर आली. कुलासो हे गोव्याचेच. चेंडू जमिनीवर ठेवून, लहान-लहान पासांनी आक्रमण उभारण्याची, गोमंतकीय खेळाडूंच्या अंगी मूळचीच असलेली शैली त्यांनी मोडली नाही. तिला परदेशी आघाडीपटूंच्या ताकदीची जोड दिली.

त्या आघाडीपटूंपैकी एक होता ब्राझीलचा क्रिस्तियानो ज्युनियर. आदल्या वर्षी ईस्ट बंगालकडून खेळताना राष्ट्रीय लीगमध्ये पंधरा गोल करून तो सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला होता, आणि नव्या हंगामासाठी धेंपोने त्याला आपल्याकडे आणले होते. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूरच्या कंठीरव स्टेडियमवर फेडरेशन चषकाचा अंतिम सामना धेंपो आणि मोहन बागान यांच्यात झाला. क्रिस्तियानोने एक गोल केला. दुसरा गोल करतेवेळी प्रतिस्पर्धी गोलरक्षकाशी त्याची टक्कर झाली, तो मैदानावर कोसळला, आणि त्यातून तो उठला नाही. धेंपोने तो सामना २-० असा जिंकला. दोन्ही गोल त्याचेच होते. त्याचे वय पंचवीस वर्षांचे होते. मैदानावर तातडीच्या वैद्यकीय उपचाराची सिद्धता कितपत होती, याची कठोर चर्चा त्यानंतर देशभर झाली, आणि ती होणे अत्यंत न्याय्य होते. कारण परदेशातून आपल्या भरवशावर आलेल्या एका तरुणाच्या जिवाची जोखीम घेणारी व्यवस्था ज्या तयारीने उभी राहावयास हवी होती, तशी ती उभी नव्हती. धेंपोने त्याची दहा क्रमांकाची जर्सी कायमची निवृत्त केली.

हा आघात ताजा असतानाच संघाला लीगला सामोरे जावे लागले. चषकस्पर्धा असती, तर शोकाच्या आवेगात एखादा सामना असामान्य शौर्याने जिंकता आला असता आणि तेवढ्यावर कथा पूर्ण झाली असती. येथे मात्र बारा संघांची लीग होती आणि बावीस सामने होते. अकरा घरी आणि अकरा दूरच्या मैदानांवर. कलकत्त्याच्या हजारो प्रेक्षकांच्या गजरात, मुंबईच्या कूपरेजवर, पंजाबात, पुन्हा फातोर्ड्यावर, असा हा प्रवास महिनोन्महिने चालावयाचा होता, आणि त्यातील प्रत्येक सामन्याला एका मित्राच्या अनुपस्थितीत तोंड द्यावयाचे होते. दुःख हे बावीस वेळा प्रेरणा होऊ शकत नाही. पाच-सात सामन्यांनंतर ते ओझे होते, आणि त्या ओझ्यासह नित्याचे काम नेटाने करण्यासाठी जी गोष्ट लागते ती म्हणजे संस्थेची घडी. सकाळचा सराव वेळेवर होणे, जखमी खेळाडूची देखभाल होणे, राखीव खेळाडूस आपली पाळी येईल याची खात्री असणे, पगार मुदतीत मिळणे, पराभवानंतर प्रशिक्षकाच्या डोक्यावर टांगती तलवार नसणे, या सामान्य वाटणाऱ्या व्यवस्थांतूनच धेंपो त्या हंगामात उभा राहिला.

त्या वर्षीचा त्यांचा कडवा प्रतिस्पर्धीही घरचाच होता. स्पोर्टिंग क्लब द गोवा या संघात नायजेरियाचा दुदू ओमाग्बेमी होता. त्याने हंगामात एकवीस गोल केले आणि त्या वर्षी त्याच्याहून अधिक गोल कोणीही केले नाहीत. आधीच्या दोन्ही हंगामांचा विजेता ईस्ट बंगाल या दोघांच्या मागे पडला. जमाखर्च पूर्ण झाला तेव्हा धेंपोच्या नावे सत्तेचाळीस गुण होते आणि स्पोर्टिंगच्या नावे पंचेचाळीस. दोन गुणांचे हे अंतर म्हणजे एका विजयाहूनही कमी. पण बावीस सामन्यांतील प्रत्येक बरोबरी, शेवटच्या मिनिटापर्यंत राखलेला प्रत्येक गोल आणि थकल्या पायांनी घेतलेली प्रत्येक धाव त्या दोन गुणांत सामावलेली होती. ज्याला आपण गंमत म्हणून गुणतक्ता म्हणतो, तो असा श्रमांचा दस्तऐवज असतो.

या विजेतेपदाचे महत्त्व पुढील वर्षांनी सिद्ध केले. २००५-०६ साली डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईच्या महिंद्र युनायटेडने किताब मिळविला. २००६-०७ चा, म्हणजे राष्ट्रीय लीगचा अखेरचा हंगाम पुन्हा धेंपोचा झाला. आणि २००७ साली त्याच लीगचे आय-लीगमध्ये रूपांतर झाल्यावर पहिल्याच हंगामात धेंपो आणि चर्चिल यांचे गुण समसमान होऊन बरोबरी फोडण्याच्या नियमाने धेंपो विजेता ठरला. त्यानंतर चर्चिल, धेंपो, साळगावकर, धेंपो, चर्चिल असा क्रम २०१२-१३ पर्यंत चालला. सलग नऊ हंगाम देशाचे विजेतेपद पश्चिम किनाऱ्याबाहेर गेले नाही, आणि त्यांपैकी आठ गोव्याच्या वाट्याला आले. क्लिफर्ड मिरांडा, समीर नाईक, महेश गवळी हे धेंपोचे खेळाडू देशाच्या संघात झळकले. नायजेरियाच्या रँटी मार्टिन्सने २०११-१२ साली एका हंगामात बत्तीस गोल केले. २००८ साली ए.एफ.सी. चषकाच्या उपांत्य फेरीपर्यंत हा क्लब पोहोचला. लोकसंख्येने एखाद्या मध्यम जिल्ह्याएवढ्या असलेल्या प्रदेशाने हे साधले.

पण याच कथेला एक चिंतेची बाजू आहे, आणि ती टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ज्या उदारतेने हे क्लब उभे राहिले, तिच्यावरच ते सर्वस्वी अवलंबून होते. महिंद्र युनायटेड २०१० साली बंद झाला. पहिला राष्ट्रीय विजेता जे.सी.टी. २०११ साली. २०१२ साली गोव्यातील खाणी थांबल्या आणि ज्या अर्थव्यवस्थेने गोमंतकीय फुटबॉल पोसला तिचाच आधार डळमळला. २०१४ साली सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगमुळे देशातील वरच्या दर्जाच्या फुटबॉलची मांडणी बदलू लागली. जुन्या क्लबांना तेथे प्रवेशाचा राजमार्ग दिसेना, आणि २०१६ साली साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो यांनी आय-लीगमधून माघार घेतली. खालच्या श्रेणीत विजेतेपद मिळवून धेंपोने नुकताच परतीचा हक्क कमावला होता. तो वापरला गेला नाही. एला येथील अकादमीतून मुलांना घडविण्याचे काम मात्र क्लबने चालू ठेवले, आणि पुढे २०२४-२५ च्या आय-लीगमध्ये धेंपोचे नाव पुन्हा आले, याचा आनंद गोव्याबाहेरच्या फुटबॉलप्रेमीलाही झाला असला पाहिजे.

लीग ही सातत्याची परीक्षा आहे हे खरे. पण परीक्षार्थ्याकडे सातत्य मागणाऱ्या व्यवस्थेने स्वतः दर काही वर्षांनी नाव, नियम आणि दरवाजे बदलावेत, ही विसंगती आहे. ज्या क्लबांनी एका खेळाडूचा मृत्यू सोसूनही बावीस सामन्यांचा करार पाळला, त्यांना आपला पुढचा हंगाम कोणत्या श्रेणीत, कोणत्या अटींवर खेळावयाचा आहे हे आगाऊ कळण्याचा अधिकार आहे. बढती आणि पदावनती हे लीगचे न्यायशास्त्र होय. मैदानावर मिळविलेले स्थान पैशाने विकत घेता येऊ नये आणि पैशाअभावी गमवावेही लागू नये, यासाठी महासंघाने क्लबांच्या उत्पन्नाची, गावागावांतील सभासदत्वाची आणि प्रेक्षकांच्या भागीदारीची सोय लावणे हे त्याचे प्रथम कर्तव्य आहे. गोव्यात खेळाडूंची वाण कधी पडली नाही, प्रेक्षकांच्या निष्ठेचीही नाही. उणीव आहे ती एका घराण्याच्या खजिन्यापलीकडे क्लबाला जगविणाऱ्या कायम तरतुदीची. आणि ती झाली, तर २००४-०५ साली एका शोकाकुल संघाने जे करून दाखविले, ते पुढच्या पिढीला तिच्या हक्काच्या मैदानावर पुन्हा करता येईल.