सायकलवर तीन दिवसांचा संसार

आजचा विषय ऐकून काहीजणी हसतील. सायकलला सामान बांधून दोन मुक्काम, तीन दिवसांच्या सहलीला कसं निघायचं, ते आज आम्ही सांगणार आहोत.

हसू येतं, कारण सायकल म्हणजे मुलीची शाळेची नाहीतर दूधवाल्याची, असं आपल्या डोक्यात बसलंय. बाईला मुक्कामाला जायचं तर मोटारसायकलवर न्यायला कुणीतरी हवं आणि परत आणायलाही कुणीतरी हवं. त्यांना सवड होईल तेव्हा आपली सहल! पण ज्यांना सायकल येते अशा चार-पाच जणी मिळून आपल्या पायावर निघू शकतात. मग अडतं कुठं? पाय दमले म्हणून फार कमी वेळा अडतं. सामान जास्त झालं, एका बाजूला कललं, चाकात अडकलं, नाहीतर उतारावर ब्रेक लागला नाही, म्हणून अडतं. आणि या चारही गोष्टी अंगणातच टाळता येतात.

उदाहरणाला कोकणातली वाट घेऊ. मुरूड-जंजिऱ्याजवळ आगरदांड्याला फेरीबोट लागते, तिकडे तिला जंगलजेटी म्हणतात. सायकलीसकट तिच्यात बसायचं आणि दिघीला उतरायचं. श्रीवर्धन, हरिहरेश्वर करत बागमांडल्याला यायचं. तिथं पुन्हा जंगलजेटीनं सावित्रीची खाडी ओलांडून वेसवीला जायचं, पुढं केळशी आणि आंजर्लं. वाटेत गावं आहेत, घरगुती खानावळी आहेत, म्हणून स्टोव्ह-भांडी न्यायची गरज नाही. पण किनाऱ्याचा रस्ता म्हणजे सपाट, असं समजू नका. तो खाडीशी उतरतो आणि पुन्हा चढतो. अशा चढावर सामानातला प्रत्येक किलो मोजून कळतो.

म्हणून पहिलं काम वजनाचं. आपली साधी काळी सायकल सुमारे २० किलोची असते. सामान पाणी धरून ८ किलोंच्या आत ठेवा. पाणी २ लिटर, म्हणजे २ किलो. कपडे २ किलो. चादर आणि प्लास्टिकचा कागद मिळून दीड किलो. भाकरी-चटणी, शेंगदाण्याचे लाडू, गूळ असा सव्वा किलो. उरलेल्यात औषधं, बॅटरी, अवजारं. पंप, पाने आणि पंक्चरचं सामान तिघींत एकच पुरे. पाणी, मोबाईल आणि पैसे मात्र जिचे तिच्याजवळच हवेत.

वजनाचं महत्त्व सांगायला एक जुनी हकीकत पुरेशी आहे. १८९४ साली अमेरिकेत बोस्टन शहरातून ॲनी लंडनडेरी नावाची बाई सायकलनं जगप्रवासाला निघाली. तीन लेकरांची आई होती ती. अंगात लांब घागरा आणि सायकल सुमारे १९ किलोची. शिकागोपर्यंत पोचता पोचता तिला कळून चुकलं, की असं जमणार नाही. तिथं तिनं जवळपास निम्म्या वजनाची सायकल घेतली, घागराही सोडला. पुढं समुद्र जहाजानं ओलांडत, कुठं सायकल, कुठं आगगाडी करत ती १८९५ मध्ये परतली. आपल्याला नवी सायकल परवडेल न परवडेल, पण पिशवीतलं वजन कमी करायला पैसे लागत नाहीत.

आता सामान कुठं बांधायचं? दूधवाल्याची सायकल डोळ्यांसमोर आणा. त्याच्या किटल्या मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना, खाली लटकलेल्या असतात. वजन खाली आणि दोन्हीकडे सारखं, म्हणून गाडी डुलत नाही. तेच वजन कॅरियरवर उंच रचलं, तर वळणावर सायकल कलंडू पाहते. आपणही तसंच करायचं. खताच्या दोन रिकाम्या गोण्या स्वच्छ धुवून, कापून, दोन सारख्या पिशव्या शिवा. दोन्हींना जोडणारा रुंद पट्टा कॅरियरवरून टाका, म्हणजे खोगिरासारख्या दोन बाजूंना बसतील. जड वस्तू तळाशी, हलक्या वर. भरल्यावर दोन्ही पिशव्या काट्यावर तोला. फार फरक आला तर एकीतलं दुसरीत घाला. चादरीची वळकटी तेवढी कॅरियरवर आडवी बांधा.

पिशवी चाकाकडे फुगली तर तारांत अडकते. म्हणून चाकाच्या बाजूनं आत पातळ फळी किंवा जाड पुठ्ठा घाला आणि पिशवीचं खालचं टोक सायकलच्या दांडीला बांधा. पायडल मारताना टाच पिशवीला लागत असेल तर पिशवी थोडी मागं सरकवा. बांधायला सुतळीपेक्षा जुन्या ट्यूबच्या पट्ट्या चांगल्या. त्या ताणून बांधल्या की धक्क्यानं सैल होत नाहीत. सुटं टोक लोंबकळत ठेवू नका. हँडलला पिशवी टांगण्याची आपल्याला सवय असते, ती इथं सोडायची. झोका घेऊन ती पुढच्या चाकात गेली, तर तोंडावर पडायची वेळ येते. पाठीवरही पिशवी नको. दिवसभरात खांदे भरून येतात आणि तोलही जातो.

सायकलीची तपासणी निघायच्या आठवडाभर आधी करा, म्हणजे दुरुस्तीला वेळ राहील. सगळा भार मागच्या चाकावर येतो. त्याच्या तारा एकेक करून बोटानं वाजवा. घट्ट तार टणकन वाजते, सैल तार मुकी राहते. सैल असतील त्या दुकानातून आवळून घ्या. कॅरियरचे नट आवळा. ब्रेकचे रबर झिजले असतील तर आधी बदला. भरलेली सायकल थांबायला जास्त अंतर घेते आणि लोखंडी रिम ओली असली तर आणखीच. उतारावर दोन्ही ब्रेक हळूहळू दाबत या. फार तीव्र उतार दिसला की उतरून चालत या, त्यात कमीपणा नाही. सीटची उंची अशी ठेवा, की पायडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच टेकवली तर पाय सरळ व्हावा. सीट खाली असली की गुडघे दुखतात. खाऱ्या वाऱ्यात चेन गंजते, तेलाची छोटी बाटली जवळ ठेवा.

पंक्चरच्या सामानात काय हवं, ते लिहून घ्या: सोल्यूशन, पॅच, घासकागद, टायर काढायच्या दोन पट्ट्या, वॉल्व्हची रबरी नळी आणि एक जादा ट्यूब. ट्यूब घेताना टायरच्या कडेला कोरलेलं माप बघून घ्या. आणि निदान दोघींनी तरी पंक्चर काढायला शिकून घ्या. गावातला दुकानदार तासाभरात शिकवेल.

कपड्यांचं बघू. सलवारीचा पाय घोट्याशी पट्टीनं बांधा. ओढणी गाठ मारून कमरेला घट्ट. साडीवर जाणार असाल तर मागच्या चाकाला जाळी आणि चेनकव्हर हवंच. आतले कपडे सुती आणि जाड शिवण नसलेले, नाहीतर मांड्या सोलवटतात. पाळीची तारीख नसली तरी घड्या सोबत असू द्यात. मीठ-साखरेची पुडी ठेवा. १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, छोट्या चहाच्या चमच्यानं. उन्हानं गळून गेलेल्या बाईला हे घोट घोट द्यायचं.

सुरुवातीच्या गावापर्यंत सायकली टेम्पोतून न्यायच्या असतील तर तीही बांधाबांध शिकून घ्या. हँडल सैल करून चाकाच्या रेषेत वळवा, पायडल काढा. उजवं पायडल नेहमीसारखं उलटं फिरवून सुटतं, डावं मात्र घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरवावं लागतं. चेनला गोणपाट गुंडाळा. दोन सायकलींच्या मध्ये जुनी गोधडी घाला, म्हणजे घासाघास होणार नाही.

शेवटी परीक्षा. सामान बांधलेली सायकल वीतभर उचलून सोडा. काय खडखडलं, काय सरकलं, ते लगेच कळेल. मग तसंच भरून बाजाराच्या गावी जाऊन या. परतल्यावर पिशवी उघडा आणि जे लागणार नाही असं आता वाटतंय, ते बाहेर काढा. दिवसाला ३० ते ४० किलोमीटर पुरे. निघायचं उजाडताच आणि मुक्कामाला पोचायचं दिवसाउजेडी. मुक्काम कुठं, कुणाकडे, हे कागदावर लिहून घरी ठेवा.

हे सगळं सहलीपुरतंच कामाचं आहे, असं नाही. गटाचे पापड बाजारात न्यायचे असोत, रेशन आणायचं असो की डेअरीला दूध घालायचं असो, भार खाली, दोन्हीकडे सारखा आणि घट्ट, हाच नियम. येत्या बैठकीला प्रत्येकीनं सायकल घेऊन या. एकमेकींच्या तारा वाजवून बघा, ब्रेक दाबून बघा. तारीख त्यानंतर ठरवा, आणि ती तुमच्या सवडीनं ठरवा.