'लिव्हिंग कलर'ने मोडलेली चौकट

रॉक संगीताची मुळे कृष्णवर्णीयांच्या ब्लूजमध्ये आहेत. तरीही १९८०च्या दशकात अमेरिकेतील ध्वनिमुद्रण कंपन्या हार्ड रॉक ही गोऱ्या वादकांचीच मिरास मानत. न्यूयॉर्कच्या 'लिव्हिंग कलर' या बँडने या समजाला तडा दिला.

गिटारवादक व्हर्नन रीड यांनी १९८४मध्ये हा बँड स्थापन केला. हार्ड रॉकचा दणका, फंकचा ठेका आणि जॅझची मोकळीक ही त्याची ओळख. १९८५मध्ये कृष्णवर्णीय रॉक कलावंतांसाठी 'ब्लॅक रॉक कोअलिशन' ही संघटना उभारण्यातही रीड यांचा पुढाकार होता. मात्र, कंपन्यांची दारे उघडण्यास 'रोलिंग स्टोन्स'च्या मिक जॅगर यांचे पाठबळ लागले!

१९८८मध्ये 'व्हिव्हिड' हा पहिला अल्बम आला. त्यातील 'कल्ट ऑफ पर्सनॅलिटी' हे गाणे माल्कम एक्स यांच्या भाषणाच्या ध्वनिफितीने सुरू होते. महात्मा गांधी आणि स्टॅलिन यांना एकाच रांगेत बसवून ते व्यक्तिपूजेवर बोट ठेवते. या गाण्याला १९९०मध्ये, तर 'टाइम्स अप' या दुसऱ्या अल्बमला १९९१मध्ये ग्रॅमी मिळाले.

१९९५मध्ये बँड फुटला, २०००मध्ये पुन्हा एकत्र आला. २०१७च्या 'शेड'मध्ये तो पुन्हा ब्लूजकडे वळला. ज्या वारशावर हक्क सांगत त्याने सुरुवात केली, तो हाच.